पांच टांके आणि तुटलेला दोरा

शिवणाचें यंत्र बिघडलें, अशी तक्रार ज्या घरांत ऐकूं येते त्या घरांत बहुधा यंत्र बिघडलेलें नसतें. दोरा बिघडलेला असतो. चाक फिरत असतें, सुई वरखालीं होत असते, कापडहि पुढें सरकत असतें. परंतु कापड उलटून पाहावें तों खालच्या अंगास दोऱ्याचें जाळें पडलेलें! मग कोणी तेल घालतो, कोणी हातीं लागेल तो स्क्रू पिळतो, आणि अखेरीस कारागिरास बोलावणें जातें. तो येतो, दोरा पुरता काढून पुन्हां पहिल्यापासून ओंवतो, आणि यंत्र पूर्ववत् शिवूं लागतें. घरच्या माणसांस हा हातगुण वाटतो. वस्तुतः हीच अडचण पावणेदोनशे वर्षांपूर्वीं, एका मध्यरात्रीं, हें यंत्र प्रथम जुळविणाऱ्या माणसांपुढें उभी राहिली होती, आणि तिच्यापायीं त्यांनीं यंत्र जवळजवळ टाकूनच दिलें होतें.

यंत्रानें शिवणें हें दिसतें तितकें सोपें नाहीं. हातानें शिवणारी स्त्री सुई कापडांतून पार करते, पलीकडून धरते, सगळा दोरा ओढून घेते आणि तीच सुई परत आणते. दोरा किती ओढावा, कोठें थांबावें, हें तिच्या बोटांना कळतें. यंत्राला बोटें नाहींत. त्याला सुई सोडतां येत नाहीं. सोडली तर पुन्हां धरतां येत नाहीं. म्हणून ज्या ज्या माणसानें हा उद्योग आरंभिला त्याच्यापुढें दोन प्रश्न उभे राहिले. सुई न सोडतां दोरा कापडांत गुंतवावा कसा, हा पहिला. आणि गुंतविलेला दोरा हवा तेवढाच आवळावा कसा, हा दुसरा. पहिला प्रश्न मोठा दिसतो, दुसरा क्षुल्लक वाटतो. परंतु घरोघरच्या तक्रारी उद्भवतात त्या बहुतेक दुसऱ्यांतूनच.

पहिल्या प्रश्नाचा आरंभ १७५५ पर्यंत मागें जातो. त्या वर्षीं चार्ल्स वायझेंथाल यानें इंग्लंडांत दोन्ही टोंकें अणकुचीदार असलेल्या सुईचें पेटंट घेतलें. १७९० सालीं टॉमस सेंट या इंग्रजानें चामडें शिवण्याच्या यंत्राचे आराखडे नोंदविले. ते पेटंट कचेरींत इतके विस्मृत झाले कीं, १८७० नंतरच्या दशकांत ते एकाच्या दृष्टीस पडले तेव्हां त्यांबरहुकूम यंत्र घडवून पाहण्यांत आलें, आणि तेंहि थोडाफार फेरफार केल्यावरच शिवूं लागलें. प्रत्यक्ष कामास लागलेलीं यंत्रें उभीं केलीं तीं फ्रान्समधील बार्तेलमी तिमोनिए या शिंप्यानें. त्याला १८३० सालीं पेटंट मिळालें, आणि पॅरिसमध्यें सुमारें ऐंशी यंत्रांवर सैनिकांचे गणवेष शिवले जाऊं लागले. १८३१ सालीं शिंप्यांच्या जमावानें कारखान्यावर चाल करून तीं यंत्रें मोडून टाकलीं. त्या शिंप्यांस दुष्ट म्हणून मोकळें होतां येत नाहीं. ज्या हातांवर घर चाले ते हात निरुपयोगी होतील हें भय त्यांना दिसत होतें. तिमोनिए पुढें आपलें यंत्र सुधारीत राहिला आणि १८५७ सालीं दारिद्र्यांतच मरण पावला.

तिमोनिएच्या यंत्राचा टांका साखळीचा होता. आंकडेदार सुई खालचा दोरा फाशाच्या रूपानें वर ओढी, आणि पुढचा फासा मागच्या फाशांत अडके. दोरा एकच, म्हणून तंट्याचें कारणहि थोडें. परंतु अशा शिवणीचा एक दोष सर्वांच्या परिचयाचा आहे. धान्याच्या पोत्याच्या तोंडची शिवण योग्य टोंक धरून ओढली कीं, सरसर उसवत जाते. पोत्याला तो गुण आहे. अंगरख्याला तो दोष आहे. न उसवणारा टांका हवा असेल तर दोन दोरे पाहिजेत, आणि दोन दोरे आले कीं, त्यांच्यांत समतोल राखणें आलें.

दोन दोऱ्यांची कल्पना न्यूयॉर्क येथील वॉल्टर हंट यानें १८३२ ते १८३४ च्या दरम्यान प्रत्यक्षांत आणली. त्यानें सुईचें नेढें माथ्याकडून काढून टोंकाजवळ आणलें. त्यामुळें सुई संपूर्ण पार जाण्याचें कारण उरलें नाहीं. टोंक कापडाखालीं उतरलें कीं, दोरा आपोआप खालीं पोहोंचे. सुई किंचित् वर येऊं लागली म्हणजे कापडाच्या घट्टपणामुळें दोरा मागें राहून त्याचा लहानसा फासा फुगे. नेमक्या त्याच क्षणीं विणकराच्या धोट्यासारखा एक धोटा दुसरा दोरा घेऊन त्या फाशांतून निघून जाई. सुई वर गेली कीं, दोन्ही दोरे एकमेकांत अडकत. हाच आजचा टांका. परंतु हंटनें पेटंट घेतलें नाहीं. त्याच्या पंधरा वर्षांच्या मुलीला या यंत्रावर धंदा काढण्याविषयीं सुचविलें असतां, त्यानें हातशिलाईवर जगणाऱ्या स्त्रियांची भाकरी जाईल असें वाटून ती मागें सरली, असें सांगतात. पुढें याच हंटनें १८४९ सालीं सेफ्टी पिनेचें पेटंट घेतलें, आणि त्याचे हक्क चारशें डॉलरांस विकून टाकले.

हंटच्या मागून मॅसॅच्युसेट्समधील एलिअस हाव यानें स्वतंत्रपणें हीच वाट शोधली. तो यंत्रशाळेंत राबणारा गरीब कारागीर. बायको शिवणकाम करून संसारास हातभार लावी, आणि तें पाहत तो विचार करीत बसे. १८४५ सालीं बॉस्टनमध्यें त्यानें पांच निष्णात शिवणकरणींशीं आपल्या यंत्राची शर्यत लावली. यंत्र मिनिटाला २५० टांके घाली. पांचजणींस प्रत्येकीं एक शिवण आणि यंत्रास एकट्याला पांच, असा वांटा होता. तरी यंत्र आधीं मोकळें झालें. लोकांनीं कौतुक केलें, पण विकत कोणी घेतलें नाहीं. १० सप्टेंबर १८४६ रोजीं त्याला पेटंट मिळालें. तथापि त्याच्या भावानें इंग्लंडला जाऊन तेथील हक्क अडीचशें पौंडांस विकले, आणि मागून तेथें गेलेला हाव कफल्लक होऊन परतला तेव्हां बायको मरणाच्या दारीं होती. हावच्या यंत्राची सुई वांकडी असून ती आडवी चाले. कापड एका पट्टीच्या सुयांवर उभें टांगावें लागे, आणि पट्टी संपली कीं, शिवण थांबवून तें पुन्हां टांगावें लागे. टांका साधला होता. यंत्र अजून घरांत शिरण्याजोगें झालें नव्हतें.

तें काम आयझॅक सिंगरच्या वांट्याला आलें. सिंगर हा नाटकमंडळींत फिरलेला, यंत्रविद्येंत उपजत गति असलेला, स्वभावानें उच्छृंखल असा गृहस्थ. १८५० सालीं बॉस्टनमध्यें ऑर्सन फेल्प्स याच्या कारखान्यांत दुरुस्तीला आलेलें एक शिवणयंत्र त्याच्या पाहण्यांत आलें. सुई सरळ व उभी चालावी, कापड आडव्या फळीवर पसरावें, वरून त्यास दाबून धरणारा पाय असावा आणि खालच्या खरबरीत चाकानें तें पुढें सरकवावें, अशी त्यानें योजना मांडली. जॉर्ज झीबर यानें त्यासाठीं चाळीस डॉलर काढून दिले. रात्रंदिवस खपून अकरा दिवसांत यंत्र तयार झालें.

त्या अकराव्या रात्रीची हकीकत सिंगरनेंच पुढें सांगितली आहे. रात्रीं नऊच्या सुमारास सारे भाग जुळले. यंत्र चालवून पाहिलें, तों तें शिवेना. थकलेले कारागीर, हें यंत्र फसलें असें सुचवीत, एक एक करून निघून गेले. झीबर दिवा धरून उभा राहिला आणि सिंगर खटपट करीत राहिला; पण टांका कांहीं घट्ट बसेना. मध्यरात्रीं दोघेहि निराश होऊन मुक्कामाकडे निघाले. वाटेंत फळ्यांच्या एका ढिगावर ते विसांव्यास टेकले. तेथें झीबरनें एक साधा प्रश्न विचारला: कापडाच्या वरच्या अंगावर जे सैल फासे पडत होते, ते सुईच्या दोऱ्याचे होते, हें तुमच्या लक्षांत आलें का? सिंगरच्या डोक्यांत लख्ख प्रकाश पडला. सुईच्या दोऱ्याला ताण देणारी योजना ठाकठीक करण्याचेंच तो विसरला होता! दोघे परत कारखान्यांत गेले, ताण बसविला, चाक फिरविलें. पांच टांके निर्दोष पडले, आणि दोरा तुटला. पण त्या पांच टांक्यांनीं सिंगरची खात्री पटली. काम थांबवून तो मुक्कामीं गेला आणि स्वस्थ झोंपला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं यंत्र पुरें करून तो न्यूयॉर्कच्या वाटेस लागला. १२ ऑगस्ट १८५१ रोजीं त्याला पेटंट मिळालें.

हा ताण म्हणजे काय, तें समजलें कीं, सारें यंत्र समजलें. रिळावरून सुटलेला दोरा दोन लहान तबकड्यांच्या मधून जातो. एक कमान त्या तबकड्यांना एकमेकींवर दाबून धरते, म्हणून दोरा सहजासहजीं सुटत नाहीं. ओढला तेवढाच येतो. खालीं धोट्यावर किंवा बॉबिनच्या डबींत पोलादाची एक बारीक पट्टी खालच्या दोऱ्याला तशीच दाबून असते. वरचा दोरा वर ओढतो, खालचा खालीं ओढतो. दोघांचें बळ सारखें असलें म्हणजे त्यांची गांठ कापडाच्या जाडींत मध्यावर बसते, आणि दोन्ही अंगांनीं टीप सारखी दिसते. एकाचें बळ कमी पडलें कीं, दुसरा त्याला आपल्या बाजूला ओढून नेतो. जुन्या मोटेच्या दोन बैलांत एक हटवादी आणि एक मुकाट असला म्हणजे जें होतें, तेंच येथें होतें.

झीबरच्या त्या प्रश्नाचें मोल त्याच्या पदरांत मात्र पडलें नाहीं. १८५१ सालीं, धंदा नुकता उभा राहत असतां, आजारीपणांत त्यानें आपला हिस्सा सहा हजार डॉलरांस सोडून दिला. आणि एडवर्ड क्लार्क या वकिलाच्या भागीदारींत सिंगरची भरभराट झाली. हावनें कोर्टांत झगडून आपला हक्क शाबीत केला. हंटनें शोध आधीं लावला हें १८५४ सालीं पेटंट कचेरीनें मान्य केलें, पण वेळीं हक्क न सांगितल्यामुळें पेटंट देण्याचें नाकारलें. शेवटीं १८५६ सालीं मुख्य पेटंटवाल्यांनीं आपापले हक्क एकत्र करून संघ बनविला, आणि हाव श्रीमंत होऊन १८६७ सालीं वारला. त्याच १८५६ सालीं क्लार्कनें हप्त्यानें यंत्र विकण्याची प्रथा सुरू केली, आणि मध्यम स्थितींतील घरांना तें घेतां येऊं लागलें.

त्याचा परिणाम किती झाला, हें एका तक्त्यावरून दिसतें. व्हीलर आणि विल्सन कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या त्या तक्त्याप्रमाणें, पुरुषी शर्ट हातानें शिवण्यास १४ तास २६ मिनिटें लागत, तो यंत्रावर १ तास १६ मिनिटांत होई. याच कंपनीच्या ॲलन विल्सन यानें धोट्याऐवजीं फिरता आंकडा आणि कापड पुढें सरकविणारे दांते अशा दोन मोठ्या सुधारणा केल्या. सिंगर कंपनीनें १८८५ सालीं स्कॉटलंडांत क्लाइडबँक येथें प्रचंड कारखाना उभारला. १९१३ सालीं तेथून तेरा लाखांवर यंत्रें बाहेर पडलीं. तो कारखाना १९८० सालीं बंद झाला, पण त्याचीं यंत्रें अद्याप अनेक घरांत चालत आहेत.

यंत्राबरोबर दोराहि बदलावा लागला. पूर्वीं चांगला दोरा म्हणजे तागाचा अथवा रेशमाचा. नेपोलियनच्या युद्धांत रेशीम मिळेनासें झालें तेव्हां स्कॉटलंडांतील पेझ्ली येथें क्लार्क घराण्यानें कापसाचा गुळगुळीत दोरा काढला. त्याच गांवीं कोट्स घराण्यानेंहि दोऱ्याचे कारखाने उभारले. परंतु हातशिलाईला पुरणारा तीनपदरी दोरा यंत्रांत टिकेना. एकच दोरा सुईच्या नेढ्यांतून अनेकदां मागेंपुढें घांसतो तेव्हां कोठें तो टांक्यांत कायमचा बसतो. म्हणून १८६० नंतरच्या दशकांत खास यंत्रासाठीं सहापदरी दोरा निघाला. त्याला पीळहि विशिष्ट असावा लागतो. दोरा डाव्या हातांत धरून उजव्या हाताच्या बोटांनीं आपल्याकडे वळवला असतां पीळ घट्ट झाला, तर तो यंत्रास योग्य. सुटूं लागला, तर यंत्रांत तो उकलणार आणि तुटणार.

हिंदुस्थानांत हें यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकांत पसरलें. सिंगर कंपनीचा येथील कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थानें अनेक वर्षें सांभाळला. शिंप्यांनीं येथें यंत्रें मोडलीं नाहींत. तीं दुकानाच्या ओट्यावर मांडलीं. १९३० नंतरच्या दशकांत कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनें 'उषा' हें देशी यंत्र बाजारांत आणलें. यंत्रयुगाचे कडवे टीकाकार म्हणून ज्यांची ख्याति, त्या महात्मा गांधींनींहि १९२४ सालीं 'यंग इंडिया'मध्यें शिवणयंत्राला अपवाद म्हणून गौरविलें. सिंगरनें पत्नीचे कष्ट पाहून प्रेमापोटीं हें यंत्र काढलें, असें त्यांनीं तेथें म्हटलें आहे. इतिहास पाहतां ही गोष्ट हावला अधिक शोभते. सिंगरचें लक्ष पैशावर होतें. परंतु माणसाचें यंत्र आणि यंत्राचा माणूस यांतला भेद दाखविण्यासाठीं गांधींनीं हेंच यंत्र निवडलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां मूळ तक्रारीकडे वळावें. कापडाच्या खालीं जाळें पडलें कीं, मनुष्य स्वाभाविकपणें खालची डबी उघडतो. चूक होते ती येथेंच. खालीं लोंबणारे फासे वरच्या दोऱ्याचे असतात. तो वर सैल सुटला म्हणून खालीं सांचला. दुखणें खालीं दिसतें, कारण वर असतें. बहुधा दोरा तबकड्यांच्या मध्यें न बसतां नुसता त्यांच्या कांठावरून गेलेला असतो. पुष्कळ यंत्रांत कापड दाबणारा पाय उचलला कीं, तबकड्या सैल होतात. म्हणून दोरा ओंवतांना पाय वर असावा, आणि शिवतांना आठवणीनें खालीं सोडावा. उलट, वरच्या अंगावर खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसूं लागले, तर वरचा ताण फाजील झाला आहे, किंवा डबीच्या पट्टीखालीं कापसाचा कण अडकून खालचा दोरा सैल सुटला आहे. तो कण नखाएवढाहि नसतो. पण पट्टी उचलून धरण्यास तेवढा पुरतो. कोणता दोरा कोणता, हें ओळखतां येत नसेल तर वर एका रंगाचा आणि खालीं दुसऱ्या रंगाचा दोरा लावून दुपदरी चिंधीवर दहा बोटें टीप घालावी. झीबरनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर चिंधीच देते.

टांके मधून मधून गळत असतील, तर दोष ताणाचा नव्हे, सुईचा. फासा फुगण्याची जागा आणि क्षण ठरलेला आहे. सुई थोडी वांकली असेल, पुरती वर बसली नसेल किंवा उलटी लागली असेल, तर धोट्याचें टोंक फाशाला चुकवून जातें. सुईच्या एका अंगास लांब पन्हळ असते. दोरा त्याच अंगानें नेढ्यांत शिरला पाहिजे. कापड हातानें ओढण्याची संवय सुया वांकविते. कापड सरकविण्याचें काम दांत्यांचें आहे, हातानें त्याला नुसती दिशा द्यावी. दोरा वारंवार तुटत असेल, तर तो जुना होऊन कुजला आहे का, नेढ्याच्या मानानें जाड आहे का, सुई ज्या भोंकांतून खालीं जाते त्याच्या कडेस चरे पडले आहेत का, हें क्रमानें पाहावें. आरंभींच गुंता होत असेल, तर पहिले दोन तीन टांके पडेपर्यंत दोन्ही दोऱ्यांचीं टोंकें मागें धरून ठेवावीं. पायानें चालणाऱ्या यंत्राचें चाक नवशिक्याच्या पायाखालीं उलटें फिरतें, आणि एका उलट्या फेऱ्यानेंहि दोरा गुंततो. पुष्कळ वर्षें पडून राहिलेल्या यंत्रांत तेलाचाच डिंक झालेला असतो. तो रॉकेलनें धुऊन काढून मग शिवणयंत्राचें तेल घालावें.

या साऱ्यांत क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम दोरा काढून पुन्हां ओंवावा. मग सुई बदलावी. मग डबी झाडून पुसावी. आणि एवढें करूनहि दोष राहिला, तरच ताणाच्या स्क्रूला हात लावावा, तोहि अगदीं थोडा, आणि एका वेळीं एकालाच. वरचा आणि खालचा असे दोन्ही स्क्रू एकदम पिळणारा मनुष्य पुढें काय दुरुस्त करावयाचें तेंच हरवून बसतो. खालचा तर शक्यतों हलवूंच नये. ज्या यंत्रांत बॉबिनची डबी बाहेर निघते, तेथें ती तिच्याच दोऱ्यानें टांगून पाहावी: आपल्या भारानें ती घसरूं नये, आणि हाताला हलका झटका दिला असतां थोडी खालीं यावी. तेवढा ताण खालीं बरोबर आहे असें समजून बाकीचा समतोल वरून साधावा.

त्या रात्रीं कारखाना सोडून गेलेले कारागीर कुशल होते. त्यांनीं चाकें पाहिलीं, दांते पाहिले, धोटा पाहिला, आणि यंत्र फसलें असा निर्णय दिला. झीबर यंत्रज्ञ नव्हता. हातांत दिवा धरून उभें राहणें एवढेंच काम त्याच्याकडे होतें. म्हणूनच कदाचित् त्यानें यंत्राकडे न पाहतां कापडाकडे पाहिलें. आजी किंवा आईकडून आलेलें एखादें जुनें यंत्र ज्या घरांत कोपऱ्यांत उभें असेल आणि तें निकामी झालें असें म्हणून भंगारांत देण्याचा विचार चालला असेल, त्या घरांतील माणसांनीं त्यापूर्वीं एक चिंधी, दोन रंगांचे दोरे आणि एक नवी सुई घेऊन अर्धा तास त्याच्यापाशीं बसावें. पांच टांके नीट पडले, तर पुढचा दोरा तुटला तरी चिंता नाहीं.